आम्लाचा जोर आणि पाण्याचा हात

हायड्रोफ्लोरिक आम्ल काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही, कारण ते काच खाते. म्हणून ते प्लास्टिकच्या कॅनमधून येते. काचेवर नक्षी कोरायला, धातूवरचा गंज उतरवायला, चिप बनवणाऱ्या कारखान्यांत सिलिकॉनच्या चकत्या साफ करायला ते लागते. त्याचे विरल द्रावण हातावर सांडले तर काही तास फारसे जाणवतही नाही. मग आतून ठणका सुरू होतो. फ्लोराइड शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते, रक्तातल्या कॅल्शियमची पातळी कोसळते आणि प्रमाण जास्त असेल तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावतो. हे आम्ल वापरणाऱ्या ठिकाणी प्रथमोपचाराच्या पेटीत कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी असावे लागते.

रसायनशास्त्राच्या तक्त्यात मात्र हे आम्ल ‘सौम्य’ गटात, व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लाच्या पंगतीला बसलेले दिसते. त्याचेच सख्खे भावंड असलेले हायड्रोक्लोरिक आम्ल ‘तीव्र’ गटात आहे, आणि ते तर आपल्या जठरात रोज तयार होते.

तक्ता बरोबर आहे. तो फक्त वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. आम्ल तीव्र की सौम्य, हे त्याचे किती रेणू पाण्यात फुटून विद्युतभारित आयन होतात यावर ठरते. एक लिटर पाण्यात एक दशांश मोल हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तर जवळपास सगळे रेणू फुटतात आणि सामू (पीएच) १ च्या आसपास येतो. तेवढेच हायड्रोफ्लोरिक घातले तर शंभरातले आठेक रेणू फुटतात. अ‍ॅसेटिक आम्लाचे शंभरातून एक-सव्वाच, सामू २.९ वर थांबतो. द्रावण संहत आहे की विरल, ही बाब निराळी. अ‍ॅसेटिक आम्ल कितीही संहत केले तरी सौम्यच राहते, आणि पिंपभर पाण्यात थेंबभर घातलेले हायड्रोक्लोरिक तीव्रच. परीक्षेत या दोन जोड्यांची अदलाबदल दरवर्षी होते. बातम्यांमध्येही ‘तीव्र अ‍ॅसिड’ म्हणताना बहुधा ‘संहत’ म्हणायचे असते. शिवाय एक गंमत अशी, की वरच्या तिन्ही द्रावणांचे उदासिनीकरण करायला कॉस्टिक सोडा मात्र सारखाच लागतो. सोड्याने मोकळे आयन खाल्ले की न फुटलेले रेणू फुटू लागतात, आणि शेवटच्या रेणूपर्यंत हिशेब चुकता होतो.

मग प्रश्न उरतो तो असा: एक रेणू सहज फुटतो, दुसरा अडून बसतो, हे ठरवते कोण?

या प्रश्नापर्यंत पोहोचायलाच शंभरेक वर्षे गेली. लाव्हाझिएला वाटत होते की आम्लपणा ऑक्सिजनमुळे येतो. हम्फ्री डेव्हीने १८१० मध्ये दाखवून दिले की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा मागमूस नाही. त्यातला क्लोरीन हे स्वतंत्र मूलद्रव्य आहे. १८३८ मध्ये लीबिगने बोट हायड्रोजनकडे वळवले: धातूला जागा करून देणारा हायड्रोजन ज्यात आहे ते आम्ल. पण पाण्यात नेमके काय घडते हे सांगायला स्वीडनचा स्वांते अऱ्हेनियस यावा लागला. क्षार आणि आम्ले पाण्यात विरघळतानाच विद्युतभारित तुकड्यांत विभागतात, वीज सोडण्याची वाट पाहत नाहीत, असे मानले तर विद्युतवहनाची आणि गोठणबिंदूची सगळी कोडी सुटतात, ही त्याच्या विचाराची दिशा. १८८४ साली उप्साला विद्यापीठात त्याने मांडलेल्या प्रबंधाला जेमतेम दर्जा मिळाला. सोडियम पाण्यात टाकला की पेट घेतो, आणि हा मुलगा म्हणतो मिठाच्या पाण्यात सोडियम सुटा फिरतोय! परीक्षकांचा अविश्वास अगदीच अनाठायी नव्हता. भारित सोडियम आणि धातुरूप सोडियम यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो हे तेव्हा कोणाच्या पचनी पडलेले नव्हते. रीगाच्या विल्हेल्म ऑस्टवाल्डला मात्र प्रबंधाचे मोल कळले आणि तो अऱ्हेनियसला भेटायला उप्सालाला गेला. १९०३ मध्ये याच कामासाठी अऱ्हेनियसला नोबेल मिळाले.

ऑस्टवाल्डने पुढे एक नियम बसवला. सौम्य आम्लात जितके पाणी वाढवावे तितके त्याचे विचरण, म्हणजे रेणूंचे फुटणे, वाढते, आणि ते किती वाढेल याचा हिशेब एका स्थिरांकाने करता येतो. आज ‘पीकेए’ नावाने ओळखला जाणारा आकडा त्याच स्थिरांकाचे सुटसुटीत रूप: आकडा लहान तितके आम्ल तीव्र. अ‍ॅसेटिक ४.७६, हायड्रोफ्लोरिक ३.१७, हायड्रोक्लोरिक तर शून्याच्याही बराच खाली. पण हा नियम तीव्र आम्लांना आणि क्षारांना काही केल्या लागू पडेना. हे कोडे कलकत्त्याच्या ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ मध्ये हाती घेतले. तीव्र आम्ले आणि क्षार पूर्णच फुटलेले असतात, त्यांच्या वागण्यातला फरक आयनांच्या परस्पर ओढीतून येतो, ही त्यांच्या मांडणीची भूमिका होती. तिच्यातले गणित टिकले नाही. १९२३ मध्ये डेबाय आणि ह्युकेल यांनी ते नव्याने बांधले, आणि पाठ्यपुस्तकांत नाव त्यांचेच राहिले. घोष पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे आणि खरगपूरच्या आयआयटीचे संचालक झाले. भारतीय पाठ्यपुस्तकांनी त्यांना या प्रकरणात दोन ओळींची तरी जागा द्यायला हरकत नव्हती.

सामूची पट्टी मधल्या काळात आली, तीही बिअरच्या कारखान्यातून. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन विकरांवर काम करत होता; शून्यांच्या लांबलचक रांगा लिहून कंटाळा येण्यासारखीच स्थिती होती. १९०९ मध्ये त्याने हायड्रोजन आयनांचे प्रमाण घातांकाने मोजायची पद्धत काढली. साध्या पाण्याचा सामू ७ म्हणजे नेमके काय, हे त्या पट्टीवरून उलगडते: २५ अंश सेल्सिअसला पाण्याच्या सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक रेणू फुटलेला असतो. मानफ्रेट आयगेन आणि सहकाऱ्यांच्या मोजणीनुसार पाण्याच्या एखाद्या ठरावीक रेणूवर फुटण्याची पाळी सरासरी अकरा तासांतून एकदा येते. अशा अतिवेगवान अभिक्रिया मोजण्याच्या तंत्रासाठी आयगेनला १९६७ चे नोबेल वाटून मिळाले.

१९२३ साली कोपनहेगनमध्ये ब्रॉनस्टेड आणि इंग्लंडमध्ये लॉरी यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सांगितले की आम्ल म्हणजे प्रोटॉन, अर्थात हायड्रोजन आयन, देणारा आणि आम्लारी म्हणजे तो घेणारा. ऐकायला किरकोळ वाटते. पण यामुळे पाणी नुसते भांडे उरले नाही, ते व्यवहारातला दुसरा पक्ष झाले. घेणारा नसेल तर देणाऱ्याची दानत कळणार कशी? दहावीच्या प्रयोगात हेच दिसते. कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू कोरड्या निळ्या लिटमसवर सोडला तर कागद निळाच राहतो. कागद ओला केला की क्षणात लाल.

आकडे पाहिले की पाण्याचे काम किती मोठे आहे ते ध्यानात येते. हायड्रोजन क्लोराइडचा एक मोल निर्वातात आयनांत फोडायचा तर सुमारे १३९५ किलोज्यूल ऊर्जा ओतावी लागेल. एवढा खर्च सामान्य तापमानाला होणे नाही. पण पाण्यात प्रोटॉनभोवती रेणू गोळा झाले की सुमारे ११०० किलोज्यूल परत मिळतात, क्लोराइडभोवती गोळा झाले की आणखी पावणेचारशे. जमा खर्चापेक्षा जास्त झाली आणि व्यवहार फायद्यात गेला. यासाठी पाण्याचे किती रेणू लागतात? जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी २००९ मध्ये हे मोजायचा प्रयत्न केला. द्रव हीलियमच्या अतिसूक्ष्म थेंबात, एक केल्व्हिनहूनही कमी तापमानाला, त्यांनी हायड्रोजन क्लोराइडच्या एका रेणूपाशी पाण्याचे रेणू एकेक करून आणून सोडले. तिसऱ्यापर्यंत बंध शाबूत होता. चौथा आला आणि प्रोटॉन सुटला. जगातला सर्वांत छोटा आम्लाचा थेंब, असे त्याचे वर्णन त्यांनी केले.

सुटलेला प्रोटॉन एकटा राहत नाही. तो पाण्याच्या रेणूला चिकटून हायड्रोनियम होतो, आणि हा हायड्रोनियमही स्थिर बसत नाही. विजेच्या प्रभावाखाली हायड्रोजन आयन सोडियम आयनाच्या सातपट वेगाने पाण्यातून सरकताना दिसतो. कारण मुळात तो सरकतच नाही. बांधकामावर वाळूचे घमेले रांगेतल्या बायाबापड्या हातोहात पुढे देतात आणि स्वतः जागच्या हलत नाहीत. तसा एक रेणू आपला प्रोटॉन शेजाऱ्याला देतो, शेजारी त्याच्याकडचा दुसरा प्रोटॉन पुढच्याला. ही कल्पना ग्रोथुसने १८०६ मध्ये मांडली, पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात हेसुद्धा ठरलेले नव्हते तेव्हा. प्रोटॉन एकाच रेणूवर बसून तीन शेजाऱ्यांना धरून असतो, की दोन रेणूंच्या बरोबर मध्ये लोंबकळत असतो, यावर आयगेनचे चित्र आणि झुंडेलचे चित्र असे दोन पक्ष पडले. आजचे उत्तर बहुतेक असे की तो दोन्हींमध्ये सतत ये-जा करतो.

आता हायड्रोफ्लोरिककडे परत येऊ. पुस्तकी उत्तर तयार असते: हायड्रोजन-फ्लोरीन बंध फार घट्ट, म्हणून आम्ल सौम्य. आकडे त्याला साथ देतात. हा बंध तोडायला मोलमागे ५६५ किलोज्यूलच्या वर लागतात, क्लोरीनचा ४३१, ब्रोमीनचा ३६६, आयोडीनचा २९८. आणि तीव्रता नेमकी उलट्या क्रमाने चढत जाते. पण इथेच थांबणे म्हणजे अर्धाच जमाखर्च वाचणे. फ्लोराइड आयन चिमुकला असल्यामुळे पाणी त्याला इतक्या जोराने कवटाळते की बंध तोडण्याचा खर्च भरून निघतो. हायड्रोजन फ्लोराइडचे पाण्यातले विचरण चक्क उष्णता बाहेर टाकते. तरी ते पुढे सरकत नाही, कारण त्या कवटाळण्यात भोवतालचे रेणू शिस्तीत जखडले जातात. अव्यवस्था घटते आणि निसर्ग त्याची किंमत वसूल करतो. वरून आणखी एक पेच आहे. कॅनडातल्या लावाल विद्यापीठाच्या पॉल जिगेर यांनी १९८० च्या सुमारास अवरक्त वर्णपटांवरून असे मांडले की हायड्रोफ्लोरिकच्या द्रावणात प्रोटॉन फ्लोरीनला सोडतो खरा, पण हायड्रोनियम आणि फ्लोराइड एकमेकांना खेटून जोडीनेच राहतात. फुटलेले पण सुटे न झालेले, म्हणून मोजणीत न फुटलेलेच. हे चित्र सगळ्यांनी मान्य केले असे नाही, पण ते टाळून हायड्रोफ्लोरिकची गोष्ट सांगता येत नाही.

अ‍ॅसेटिक आम्लाच्या कुळातही असाच घोटाळा आहे. त्याच्या एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवला तर पीकेए ४.७६ वरून २.८७ वर येतो, तीन बसवले तर १ च्याही खाली. क्लोरीन इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे उरलेल्या ऋणायनावरचा भार पसरतो, तो स्थिर होतो, असे स्पष्टीकरण वर्गावर्गांत दिले जाते. ते चूक नाही. पण अ‍ॅसेटिक आम्लाच्या विचरणात उष्णतेची देवघेव जवळपास शून्य असते. अडथळा सगळा पाण्याच्या जखडण्याचा. क्लोरीनने भार पसरवला की पाण्याला त्या आयनाभोवती इतके शिस्तीत उभे राहावे लागत नाही, आणि सुधारणेचा मोठा वाटा या सुटकेतून येतो. फळ्यावर रेणू काढून बाण दाखवताना पाणी चित्रात नसते, म्हणून ते स्पष्टीकरणातूनही गळते.

पाणी काढूनच टाकले तर? स्टॅनफर्डच्या जॉन ब्रॉमन आणि लॅरी ब्लेअर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस अल्कोहोलांची आम्लता वायुरूपात मोजली. द्रावणात मिथेनॉल, इथेनॉल, मग मोठी अल्कोहोले असा उतरता क्रम लागतो. वायूत तो उलटा निघाला. सर्वांत मोठे ते सर्वांत आम्लधर्मी. टोल्यूइनला कोणी आम्ल म्हणणार नाही, पण वायुरूपात ते पाण्याहून सरस आम्ल ठरले. पिढ्यान्‌पिढ्या जो क्रम रेणूंच्या अंगचा गुण म्हणून शिकवला गेला, त्यात द्रावकाचा एवढा हात होता.

पाणी आणखी एका बाबतीत पक्षपात करते. त्यात नायट्रिक, हायड्रोक्लोरिक, पर्क्लोरिक सगळी सारखीच तीव्र दिसतात, कारण सगळ्यांचे प्रोटॉन पाणी झाडून घेते आणि द्रावणात उरतो तो फक्त हायड्रोनियम. खरी प्रतवारी लावायची तर प्रोटॉन घ्यायला कां-कूं करणारा द्रावक हवा. निर्जल अ‍ॅसेटिक आम्लात ती लागते: पर्क्लोरिक सर्वांत पुढे, नायट्रिक बरेच मागे. या वाटेने जात १९२७ मध्ये कोनंट आणि हॉल ‘महाआम्ल’ या कल्पनेपर्यंत आले. जॉर्ज ओला यांच्या प्रयोगशाळेत फ्लोरोसल्फ्युरिक आम्ल आणि अँटिमनी पेंटाफ्लोराइड यांच्या मिश्रणात नाताळच्या मेजवानीनंतर कोणीतरी मेणबत्तीचा तुकडा टाकला आणि तो विरघळला. मेण म्हणजे एरवी कशालाही न बधणारी हायड्रोकार्बने. त्यांनाही या आम्लाने प्रोटॉन घ्यायला लावला. ओला यांना १९९४ चे नोबेल मिळाले ते या आम्लात टिकवून धरलेल्या कार्बन धनायनांसाठी. आणि पाण्यात सौम्य म्हणून हिणवलेले हायड्रोजन फ्लोराइड? पाणी काढून शुद्ध द्रवरूपात घेतले तर ते शुद्ध गंधकाम्लाच्या पंक्तीला बसते. दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात ख्रिस्तोफर रीड यांनी बनवलेले कार्बोरेन आम्ल शुद्ध गंधकाम्लाहून कितीतरी तीव्र असूनही काचेच्या बाटलीत गुण्यागोविंदाने राहते, कारण प्रोटॉन दिल्यावर उरणारा त्याचा ऋणायन कोणाच्याही वाटेला जात नाही.

तीव्रता आणि घातकपणा यांची फारकत सजीवांच्या बाबतीत तर रोजची आहे. पेशीचे आवरण तेलकट. भारित आयनाला ते सहसा आत घेत नाही, न फुटलेल्या रेणूला मात्र वाट देते. हायड्रोफ्लोरिक कातडीतून खोलवर उतरते ते या वाटेने, सौम्य असल्यामुळेच. अ‍ॅस्पिरिनचा पीकेए ३.५, जठरातल्या आम्लात ते अखंड राहते, अस्तराच्या पेशीत शिरते, आतल्या उदासीन वातावरणात फुटून आयन होते आणि तिथेच अडकते. पोटात होणाऱ्या जळजळीचे हे एक कारण. सरबताच्या बाटलीवर ‘आयएनएस २११’ लिहिलेले असते ते सोडियम बेंझोएट. बुरशीला मारतो तो बेंझोइक आम्लाचा अखंड रेणू, पीकेए ४.२. कोकम किंवा लिंबू सरबतात सामू ३ च्या आसपास असताना नव्वद टक्क्यांहून अधिक रेणू अखंड असतात. तेच परिरक्षक सामू ७ च्या पदार्थात घातले तर हजारात दीड-दोनच. म्हणजे घातले काय, न घातले काय.

मराठवाड्यात, विदर्भात हरभऱ्याच्या शेतात पहाटे फिरणाऱ्याला आम्लतेची ओळख पायांनाच होते. हरभऱ्याच्या पानांवरची बारीक लव आंबट रस पाझरते; दवात तो मिसळला की चिरलेल्या बोटांना चरचरतो. जुनी माणसे रात्री झाडांवर स्वच्छ फडके पसरून ठेवत आणि सकाळी पिळून ही आंब बाटलीत भरत, पोटदुखीवर चमचाभर द्यायला. तिच्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले असतात. ऑक्झॅलिकचा पहिला प्रोटॉन चांगलाच सैल, पीकेए १.२५, मॅलिकचा ३.४. घाटेअळीच्या वाढीला ऑक्झॅलिक आम्ल अडथळा करते असे प्रयोगांत आढळले आहे. तेव्हा झाडाने ही आम्ले बाहेर मांडली आहेत ती काही माणसाच्या पोटासाठी नाहीत.

राहिले कार्बोनिक आम्ल, सोडावॉटरमधले. तक्ते त्याचा पीकेए ६.३५ देतात, म्हणजे अ‍ॅसेटिकहूनही बरेच सौम्य. हा आकडा फसवा आहे. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे सहाशे रेणूंतला एकच पाण्याशी संयोग पावून खरे कार्बोनिक आम्ल होतो. बाकीचे नुसते विरघळलेले. तक्ता सगळ्यांनाच आम्ल धरून भागाकार करतो. त्या एका खऱ्या रेणूचा हिशेब केला तर पीकेए साडेतीनच्या आसपास येतो, म्हणजे तो फॉर्मिक आम्लाच्या बरोबरीने फुटतो. पण वायूपासून आम्ल होण्याची पायरी संथ. तांबड्या रक्तपेशीत कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज नावाचे विकर आहे, ते ही पायरी, उलट दिशेनेही, सेकंदाला दहा लाख रेणूंच्या घरात उरकते. नाही तर फुप्फुसातून रक्त जाण्याच्या अल्पशा वेळात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडलाच नसता. समुद्राला अशी घाई नाही. औद्योगिक काळापासून त्याच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. पाणी अजून आम्लारिधर्मीच आहे, पण पट्टी घातांकाची असल्यामुळे एवढ्याशा घसरणीत हायड्रोजन आयन सव्वापट झाले. ते वाढीव प्रोटॉन कार्बोनेटला जाऊन भिडतात आणि त्याचे बायकार्बोनेट करतात. कालवांना आणि तिसऱ्यांना शिंपला बांधायला लागते ते कार्बोनेटच.